पावडर पुसा, मुनीरभाई!

मुनीरभाईंच्या स्टुडिओत पाऊल टाकलं, की "फोटो काढायचाय" असं म्हणायच्या आत माणसाच्या तोंडावर पावडरचा पफ बसलेला असायचा. तान्हं मूल असो, काठी टेकत आलेला म्हातारा असो, कुणाची सुटका नव्हती. माझीही झाली नाही. आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून रुजू झाले आणि ओळखपत्राच्या फोटोसाठी गेले, तर स्टुलावर टेकते न टेकते तोच गालावर थापकन पफ! "अहो, काय करताय?" म्हणून मी ओरडले. "हलू नका म्याडम, नाकावर तेल लई हाय," असं म्हणत त्यांनी नाकावर आणखी एक ठेवून दिला. फोटो हातात आला तेव्हा मी माझीच कुणी मावसबहीण वाटत होते, तीही लग्नाला उभी असलेली. हनुवटीवरचा तीळ गायब. "माझा तीळ कुठाय?" विचारलं तर म्हणाले, "काढला. बरा दिसत नव्हता."

असल्या माणसाकडून मला पुढे कित्येक वर्षं कातडीच्या रोगांचे फोटो काढून घ्यायचे होते. देवाला माझी थट्टा करायची लहर आली असावी, दुसरं काय!

आमचं गाव बीडहून शिरूर कासारकडे जाताना लागतं. त्या वर्षांत गावात एकेक नवलाई येत होती. सरपंचाच्या माळवदावर डिशची छत्री आली, चौकात एसटीडीचा पिवळा बोर्ड आला, किराणा दुकानात थंड बाटल्यांचं फ्रीज आलं. कातडीचा डॉक्टर तेवढा आला नाही. आणि माझ्याकडे सकाळपासून रांग लागायची ती नायटा, खरूज, इसब आणि नाव न कळणाऱ्या चट्ट्यांचीच. मी साधी एमबीबीएस. पुस्तकात गोऱ्या कातडीवरचे लालगुलाबी डाग छापलेले, आणि समोर उन्हात रापून काळं पडलेलं अंग. दोन्हींचा मेळ काही बसायचा नाही. शेवटी औरंगाबादला माझे सर होते, कातडीचे मोठे डॉक्टर, त्यांच्यापुढे रडगाणं गायले. ते म्हणाले, "फोटो काढून पाठव. मी बघतो आणि फोनवर सांगतो."

आमच्या कंपाउंडरने ऐकलं आणि तो फिस्सकन हसला. "म्हंजे उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हना की!"

पण शेळ्या हाकल्या जायला लागल्या. फोटोचं पाकीट मी सकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायची, औरंगाबादच्या स्टँडवर सरांचा माणूस ते उतरवून घ्यायचा, आणि ठरल्या दिवशी संध्याकाळी मी एसटीडीच्या काचेच्या खोपट्यात जाऊन उभी राहायची. त्या खोपट्याचं दार लागत नसे आणि लाइन कधी नीट लागत नसे. त्यामुळे मला ओरडावं लागायचं. "जांघेत, सर! जांघेत! खाज रात्रीची जास्त!" बाहेर बाकावर बसलेली मंडळी कान टवकारून ऐकायची, आणि दुसऱ्या दिवशी ही जांघ कुणाची यावर पारावर चर्चा चालायची.

हे सगळं मी आनंदाने सोसलं असतं. सोसवत नव्हते ते मुनीरभाई. पहिला पेशंट मी त्यांच्याकडे पाठवला तो पाठीवर चट्टे असलेला एक म्हातारा. मुनीरभाईंनी त्याला तळ्यात हंस पोहत असलेल्या पडद्यापुढे उभं केलं, फेटा बांधला, हातात प्लास्टिकची फुलं दिली आणि समोरून फोटो काढला. चट्टे पाठीवर! सर फोनवर म्हणाले, "गृहस्थ रुबाबदार आहेत. रोग कुठाय?"

मी तणतणत स्टुडिओत गेले. स्टुडिओ कसला, एसटी स्टँडसमोर पत्र्याची खोली. मुनीरभाई अंगाने काडी, केसांना मेंदी, शर्टाच्या खिशात कायम कंगवा. हा त्यांच्या वडिलांचा धंदा, आणि आपण कलाकार असल्याबद्दल त्यांच्या मनात तिळभर शंका नव्हती.

"भाई, पाठीचा फोटो पाहिजे होता!"

"पाठीचा?" त्यांना खरोखर वाईट वाटलं. "म्याडम, जन्मात एकदा बिचारा फोटू काढायला आला, अन् मी त्याची पाठ काढू? फोटू म्हंजे मानसाची इज्जत हाय. मानूस मरतो, फोटू भिताडावर ऱ्हातो."

"ह्याचे चट्टे भिंतीवर लावायचे नाहीयेत हो मला!"

"तुमी डाक्टर लोक," ते मान हलवून म्हणाले, "मानसात रोगच बघताव."

आणखी एक छळ म्हणजे रोल. रोल संपल्याशिवाय बीडला धुवायला पाठवायचा नाही, हा त्यांचा कायदा. त्यामुळे एकाच रोलवर अर्धं लग्न आणि अर्धे माझे पेशंट. एकदा पाकिटात हळद लावलेल्या नवरीचा फोटो गेला, आणि सरांनी मला फोनवर तिची कावीळ तपासायला सांगितली. त्याच वेळी तिकडे नवऱ्या मुलाच्या घरी अल्बममध्ये कुणा सद्गृहस्थाची खरूज पोचली होती. वरमाई स्टुडिओवर चालून आली. मुनीरभाईंनी तिला शांतपणे माझ्याकडे पाठवून दिलं. "त्यो फोटू म्याडमचा हाय," असं म्हणून!

मी त्यांना पढवलं. पडदा नको. फुलं नकोत. पावडर तर मुळीच नको. जवळून घ्या, उजेडात घ्या, आणि डागाशेजारी काडेपेटी ठेवा, म्हणजे सरांना आकार कळेल. चार दिवस बरे जायचे, मग ये रे माझ्या मागल्या. नायट्याचा फोटो आला की कडेला पावडर दिसायचीच. मी स्टुडिओच्या दारातून ओरडायची, "पावडर पुसा, मुनीरभाई!" पुढे पुढे स्टँडवरचे रिक्षावालेसुद्धा त्यांना पाहून तेच ओरडायला लागले. त्यांच्यावर ढिम्म परिणाम झाला नाही.

तरी खोटं कशाला बोलू, उपयोगही झाला. एका घरातल्या पोराला इसब आहे म्हणून मी मलमावर मलम देत होते. सरांनी फोटोत बोटांच्या बेचक्या पाहिल्या आणि म्हणाले, "अगं, ही खरूज चिघळलीय. सगळ्या घराला एकाच दिवशी औषध दे." दिलं, आणि ते घर कित्येक दिवसांनी निवांत झोपलं. त्यावर मुनीरभाई बाजारभर सांगत सुटले, "आपल्या फोटूनं बरं झालं." मी, सर, औषध, कुणाचं नाव नाही.

आणि मग लंका आली.

लंका म्हणजे आमच्याच गावची सून, विशीतली. नवरा बबन. दोघं दरसाल टोळीबरोबर ऊसतोडीला जायची. आमच्या भागात ऊसतोडीला एकटं माणूस जात नाही, नवराबायकोची जोडी जाते आणि त्या जोडीलाच 'कोयता' म्हणतात. बायको नसली तर कोयता मोडला. लंकाच्या गालावर एक फिकट चट्टा उठला होता, दंडावर दोन. टोळीतल्या बाया म्हणायला लागल्या, हा महारोग आहे, आम्ही हिच्याशेजारी खोपी घालणार नाही. मुकादमाने बबनला सांगून टाकलं, डाक्टरकडून काय ते आण, नाहीतर जोडीला दुसरी बघ. सासू तर दुसरी बघायच्या तयारीतच होती. भाचीच होती तिची एक.

मी लंकाला डोळे मिटायला सांगितलं आणि चट्ट्याला कापसाने स्पर्श करायला लागले. "कळलं की बोट लाव." ती प्रत्येक वेळी म्हणायची, "कळतंय." मी कापूस नुसता हातात धरून थांबले, तरी म्हणाली, "कळतंय, बाई, कळतंय." काय करणार? त्यातून तोंडावरच्या चट्ट्याला कुष्ठरोगातसुद्धा पुष्कळदा संवेदना शाबूत असते. नसलेल्या रोगाच्या गोळ्या सुरू केल्या तर पोरीचा संसार मोडला, आणि असलेल्या रोगाच्या नाही केल्या तर पोरगी कायमची अधू. बीडला पाठवावं, तर तिथल्या कुष्ठरोगाच्या दवाखान्याच्या पायरीवर कुणी पाहिलं की विषय संपला. म्हटलं, फोटो. मुनीरभाईंना मी स्वतः जाऊन बजावलं, "भाई, हात जोडते. जसं आहे तसं. हिचं सगळं आयुष्य ह्या फोटोवर आहे."

"फिकर करू नका," ते म्हणाले.

पाकीट गेलं. ठरल्या संध्याकाळी मी बूथवर उभी. सर म्हणाले, "पोरगी देखणी आहे. पण गालावर काहीच नाही. दंडावरही नाही. फोटो कशाला पाठवलास?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चपला फटफटवत स्टुडिओत गेले. मुनीरभाई बारीक ब्रश पाण्यात बुडवून कुणाच्या तरी फोटोतल्या सुरकुत्या पुसत बसले होते.

"लंकाचे चट्टे पुसलेत तुम्ही?"

त्यांनी खाली मान घातली. "पोरगी रडायली व्हती, म्याडम. म्हनली, भाई, माज्या तोंडावरचं दिसू दिऊ नका. मी म्हनलं, ठीक हाय बेटा. दोन ठिपके तर व्हते. जरा टचिंग केलं."

"टचिंग? अहो, तेच दोन ठिपके बघायचे होते! टोळी आता दिवाळीच्या पाडव्यानंतर निघणार, आणि तुम्ही इथे रंग भरत बसलात! तुमच्या टचिंगने गालावरचा चट्टा जाणार आहे का?"

मी आणखी पुष्कळ बोलले. मुनीरभाईंना वर्षानुवर्षं रागावत होते, पण त्या दिवशी प्रथमच त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लंकाला स्टुडिओमागच्या चुन्याच्या भिंतीशी बसवलं. पडदा नाही, पावडर नाही. पदर मानेवरून मागे घ्यायला सांगितलं, तोंड एका बाजूला वळवायला लावलं, आणि तिरप्या उन्हात फोटो काढले. रोल अर्धासुद्धा झाला नव्हता, तो तसाच कॅमेऱ्यातून काढला. बीडला स्वतः गेले, धुऊन होईपर्यंत दुकानाच्या पायरीवर बसले, आणि तिथूनच औरंगाबादची गाडी धरली. एसटीच्या ड्रायव्हरवरसुद्धा त्यांनी भरवसा ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बूथवाल्याचा निरोप आला, सर लाइनवर आहेत. मी धावत गेले. सर म्हणाले, "ह्या वेळी फोटो कुणी काढला? उत्तम आहे. चट्टे सोड, मान बघ. उन्हामुळे मानेवर दोरीसारखं काहीतरी उठून दिसतंय. ती नस चाचप. जाड लागली तर कुष्ठरोग. अगदी सुरुवातीचा आहे, सहा महिन्यांच्या गोळ्यांनी जाईल. आणि हे बघ, घरातल्या सगळ्यांना तपास. कुणाकडून तरी आलाय तो."

मी लंकाला आणि बबनला बोलावलं, दार लावून घेतलं आणि तिच्या मानेवर बोटं ठेवली. नस जाड होती. दोघांना खरं काय ते सांगितलं. लंकाने पदर तोंडात कोंबला. बबनने एवढंच विचारलं, "बरं व्हतंय ना पर?"

"होतंय. गोळी एक दिवस चुकवायची नाही. आज पहिला डोस इथे माझ्यासमोर घ्यायचा, आणि मग तिच्यापासून कुणाला भीती नाही."

"मंग कावून रडायलीस?" तो तिला म्हणाला. "गोळ्या खा की."

इतकं सगळं बरं जमत आलं होतं. सकाळी त्यांच्या घरी जायचं, सासूला समजावायचं, सगळ्यांना तपासायचं, असं मी ठरवलं. पण त्याच संध्याकाळी औरंगाबादची एसटी आली. सासू आणि मुकादम स्टँडवर वाटच बघत होते. सरांचं बोलणं ऐकून परतलेले मुनीरभाई पायरी उतरतात न उतरतात तोच सासूने विचारलं, "काय म्हनला मोठा डाक्टर?"

आणि आमचे कलाकार चारचौघांत म्हणाले, "काई न्हाई. शिबं हायत."

शिबं! उन्हाळ्यात निम्म्या गावाच्या अंगावर उठतात ते निरुपद्रवी पांढरे ठिपके. मुकादम खूश, सासू खूश. सकाळी मी गेले तर म्हातारी मला उंबऱ्याच्या आत घेईना. "शिब्याला आमाला कावून तपासायचं, बाई? आमी काय रोगी हाव?" आणि तिने दंडावरचा पदर घट्ट ओढून घेतला. मी तोंड उघडणार, तर आतून लंकाने माझ्याकडे असं पाहिलं की मी तशीच मागे फिरले.

तिथून सरळ स्टुडिओत. "भाई, डॉक्टर तुम्ही आहात का मी?"

"तुमीच हाव."

"मग शिबं कुणी ठरवलं?"

"म्याडम," ते अगदी हळू म्हणाले, "खरं तुमी पोरीला सांगितलं ना? तिच्या मालकाला सांगितलं ना? झालं की मंग. स्टँडवरच्या दुनियेला कावून सांगायचं?"

मी पाय आपटत बाहेर पडले. टोळीचे ट्रक निघाले तेव्हा लंका वर बसली होती, कमरेला गोळ्यांची पुरचुंडी. मुनीरभाईंनी हात हलवला. मी नाही हलवला.

उन्हाळ्यात टोळी परतली. लंकाने एक गोळी चुकवली नव्हती. गालावरचा चट्टा जवळजवळ दिसेनासा झाला होता, खरोखरीचा, ब्रशाने नव्हे. म्हातारी मात्र मला रस्त्यात पाहिलं की बोळात वळायची. दोनदा मी घरी निरोप धाडला, दोन्ही वेळा उत्तर तेच: आमाला काई झालं न्हाई.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी ओपीडीत ही गर्दी होती. मुनीरभाई कुणाच्या तरी पायाचा फोटो काढायला आलेले होते आणि अर्थातच पेशंटच्या पायाखाली नक्षीचा रुमाल अंथरत होते. तेवढ्यात लंका सासूला मनगटाला धरून, जवळजवळ ओढतच आत आली. म्हातारीच्या उजव्या हाताची बोटं भाजून फोड आलेले.

"बाई, हिनं तापल्या तव्यावर हात ठिवला," लंका म्हणाली. "भाकर करपली म्हनून मी बघाया गेले तर ही बोलत बसलेली. हिला कळलंच न्हाई."

मी म्हातारीचा हात उलटा केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलेलं. दंडावर भलामोठा चट्टा, वर्षा-दोन वर्षांचा तरी असेल. मी बाकी सगळ्यांना बाहेर थांबायला सांगणार, तोच म्हातारी रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "काई न्हाई हो, शिबं हायत. लंकाला बी तसलीच व्हती. भाईच म्हनले व्हते."

"शिबं नव्हती," लंका म्हणाली.

मुनीरभाई घाईघाईने पुढे आले. "गप ऱ्हा बेटा. लोक हायत."

"तुमी गप ऱ्हावा, भाई!" ती एवढ्या जोरात म्हणाली की रांगेतलं रडणारं पोरसुद्धा थांबलं. "मला महारोग व्हता. समद्यांनी ऐका. सहा महिनं गोळ्या खाल्ल्या, गेला. ह्या भाईंला ठावं हाय, बाईंला ठावं हाय. म्या लपीवलं, अन् ही घरात बसून बोटं वाकडी करून घ्यायली!" मग सासूकडे वळून म्हणाली, "आत्ती, मला हाकलायचं तर हाकल. पर गोळ्या खा."

 म्हातारी जमिनीवर बसली आणि भाजलेला हात मुकाट्याने माझ्यापुढे केला.

लंकाला कुणी हाकललं नाही. कोण हाकलणार? म्हातारीला भाकरीचा तुकडा तोडून देणारी तीच तर होती. मलमपट्टी करून दोघींना बाहेर बसवलं आणि हात धुवायला वळले, तर मुनीरभाई दारातच उभे.

"म्याडम, मागल्या साली तिला तपासलं असतं, तर?"

"तर बोटं वाचली असती."

"म्हंजे माज्यामुळं झालं?"

इतकी वर्षं ह्या माणसाला मी पावडरीवरून, पडद्यावरून, काडेपेटीवरून बोल बोल बोलले होते. आता एकच शब्द बोलायचा होता. रागाचा लवलेश उरला नव्हता मनात. पण खोटं बोलून मला ते पुसून टाकता येणार नव्हतं.

"हो, भाई."

त्यांनी मान हलवली. "आता सरळ व्हतील?"

"पुरती नाही होणार. वाढायचं थांबेल."

ते बाहेर गेले. थोड्या वेळाने उन्हात म्हातारीचा हात आपल्या गुडघ्यावर घेऊन त्याचा फोटो काढताना मला दिसले.

म्हातारीच्या गोळ्यांचा कोर्स लांबलचक होता, आणि महिन्यातून एकदा केंद्रात येऊन माझ्यासमोर डोस घ्यायचा होता. लंका-बबन ऊसतोडीला गेले की तिला आणणार कोण? तर मुनीरभाई. त्या दिवशी ते स्टुडिओला कुलूप लावायचे आणि तिला आपल्या लुनावर मागे बसवून आणायचे. लग्नाची ऑर्डर असली तरी. गिऱ्हाइकं माझ्याकडे येऊन बोंबलायची, आणि मी मुनीरभाईंना बोलायची, की अहो, बाजाराच्या दिवशी तरी दुकान उघडं ठेवा, मी शिपाई पाठवते. ते ऐकतील तर शपथ. म्हातारीने गोळी गिळली की ते तिची बोटं उघडून बघायचे आणि मला विचारायचे, "जरा सरळ वाटायलीत का, म्याडम?" मी दर महिन्याला सांगायची, "तशीच आहेत, भाई." ते "बरं" म्हणायचे, लुनाला पेडल मारायचे आणि तिला घेऊन जायचे.

मग माझी गेवराईला बदली झाली. निरोपाला सगळं गाव जमलं. हार आले, नारळ आले, सरपंचांचं भाषण झालं, आणि फोटो काढायची वेळ आली तर मुनीरभाईंचा पत्ता नाही. शिपाई स्टुडिओवर जाऊन आला, कुलूप. अर्धा तास सगळे हार घालून उन्हात ताटकळलो. मी मनातल्या मनात धुमसत होते की शेवटच्या दिवशी तरी ह्या माणसाने वेळ पाळावी! जीप चालू झाली. लोक घरोघर पांगले. माझ्या त्या निरोपाचा एकही फोटो निघाला नाही.

गावाबाहेरच्या वळणावर समोरून लुना आली. मागे म्हातारी, वाकड्या बोटांनी त्यांचा शर्ट धरून बसलेली. मी जीप थांबवली, डोकं बाहेर काढलं आणि आवाज चढवला, "अहो, होतात कुठे? आज निरोप होता माझा!"

"हिला भाचीच्या गावाहून आनायला गेलतो. आज हिच्या गोळीचा दिवस हाय, म्याडम," ते म्हणाले. "तुमी इसरलाव का?"